रिमोट चालत नाही? नवीन विकत घेण्याआधी मोबाइलचा कॅमेरा उघडा

मॅचची शेवटची ओव्हर सुरू आहे किंवा रात्रीची मालिका लागायची वेळ झाली आहे, आणि नेमका तेव्हाच रिमोट हटून बसतो. मग रिमोट तळहातावर आपटणं, सेल काढून उलटसुलट फिरवणं, टीव्हीजवळ जाऊन बटण जोरात दाबणं, हे सगळं ओघानंच आलं. एवढं करूनही काही हललं नाही, तर दुसऱ्या दिवशी नवीन रिमोट येतो. कधी तो लगेच चालतो. कधी मात्र नवीन रिमोटलाही टीव्ही दाद देत नाही आणि तेव्हा कळतं, की दोष रिमोटमध्ये नव्हताच.

रिमोट, टीव्ही आणि त्या दोघांमधली मोकळी जागा, या तिन्हींपैकी बिघाड कुठेही असू शकतो. तो नेमका कुठे आहे हे घरच्या घरी, पाच मिनिटांत आणि एक रुपयाही न खर्चता शोधता येतं. त्यासाठी लागतो फक्त मोबाइल.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

बहुतेक टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साऊंडबार आणि जुन्या होम थिएटरचे रिमोट इन्फ्रारेड म्हणजेच अवरक्त प्रकाशावर चालतात. रिमोटच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. बटण दाबलं की तो लुकलुकतो, पण हा प्रकाश आपल्याला दिसत नाही. माणसाच्या डोळ्यांना साधारण ३८० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. रिमोटचा प्रकाश ९४० नॅनोमीटरच्या आसपास असतो.

हा प्रकाश सलग पडत नाही. तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा चालू-बंद होतो आणि या लुकलुकण्याच्या छोट्या-मोठ्या तुकड्यांमधून एक सांकेतिक आदेश तयार होतो. टीव्हीच्या पुढच्या बाजूला, बहुधा लोगोजवळ, गडद प्लॅस्टिकमागे एक रिसीव्हर असतो. तो हा आदेश वाचतो.

लुकलुकण्याचा एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीनं १९५५मध्ये ‘फ्लॅश-मॅटिक’ नावाचा वायरलेस रिमोट बाजारात आणला. युजीन पॉली या इंजिनिअरनं तो बनवला होता. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेन्सर होते आणि त्यांच्यावर टॉर्चसारखा झोत मारायचा, की काम व्हायचं. अडचण अशी, की खिडकीतून आलेलं ऊनही त्या सेन्सरना रिमोटच वाटायचं. आजचा रिसीव्हर ठरावीक वेगानं लुकलुकणाराच प्रकाश मानतो आणि बाकीचा सोडून देतो. तरीही तीव्र उन्हापुढे तो आजही गोंधळतो. त्याबद्दल पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खूप वापरात असलेल्या ‘एनईसी’ पद्धतीत प्रत्येक आदेश दोनदा जातो, एकदा सरळ आणि एकदा उलटा. दोन्ही जुळले तरच टीव्ही ऐकतो. म्हणून सिग्नल अर्धवट पोहोचला, की टीव्ही सहसा भलतंच काही करत नाही, तो ढिम्म राहतो. समोरून प्रतिसाद नाही म्हणजे रिमोट मेला, असं म्हणूनच धरू नये.

पहिला प्रश्न: ऐकत नाही ते नेमकं कोण?

घरात टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा आणि साऊंडबारचा असे दोन-तीन रिमोट असतात. त्यामुळे आधी हे तपासा:

• पडद्यावर ‘नो सिग्नल’ दिसतंय का? मग रिमोट ठीक असण्याची शक्यता जास्त आहे. चुकून ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबलं गेलं असेल आणि टीव्ही भलत्याच एचडीएमआय पोर्टवर गेला असेल. टीव्हीच्या रिमोटवरून योग्य इनपुट निवडा.

• बटण दाबल्यावर टीव्हीचा किंवा बॉक्सचा छोटा दिवा लुकलुकतो का? अनेक उपकरणांमध्ये आदेश मिळाला, की हा दिवा क्षणभर चमकतो. तो चमकत असेल तर रिमोट आणि रिसीव्हर दोन्ही काम करत आहेत. उपकरण हँग झालेलं असू शकतं.

• टीव्हीवरचं बटण चालतं का? नव्या टीव्हींमध्ये एकच बटण असतं, तेही खालच्या कडेला किंवा मागे. त्यानं टीव्ही सुरू होत असेल तर वीजपुरवठा ठीक आहे. सुरूच होत नसेल, तर आधी प्लग आणि स्विच बघा.

कॅमेऱ्याची चाचणी

मोबाइलच्या कॅमेऱ्याला माणसाच्या डोळ्यापेक्षा थोडं जास्त दिसतं. त्याचा फायदा इथे होतो.

१. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा आणि सेल्फी कॅमेरा निवडा. मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बहुधा जास्त कडक असतो, त्यामुळे तिथे काही दिसेलच असं नाही.

२. खोलीतला उजेड कमी करा.

३. आधी घरातला चालू असलेला एखादा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. टोकाला जांभळट किंवा पांढरट ठिपका लुकलुकताना दिसला, तर तुमचा कॅमेरा या चाचणीसाठी चालतो. ही पायरी गाळू नका. कॅमेऱ्यालाच दिसत नसेल, तर चांगला रिमोटही बाद ठरेल.

४. आता बिघडलेला रिमोट धरा. एक-एक करून सगळी महत्त्वाची बटणं दाबून बघा.

निकाल तीन प्रकारचे असतात. कुठल्याच बटणाला प्रकाश नाही, काहीच बटणांना आहे, किंवा सगळ्यांना आहे. पहिल्या दोन्हींत दोष रिमोटमध्ये आहे. तिसऱ्यात तो बहुधा रिमोटच्या बाहेर आहे.

एक अपवाद आहे. माइकचं बटण असलेले, बोलून चालणारे रिमोट ब्लूटूथवर काम करतात. त्यांच्या बऱ्याच बटणांना प्रकाश दिसणारच नाही आणि ते स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी पुढे वेगळा भाग दिला आहे.

प्रकाश दिसत नाही: आधी सेल, मग स्प्रिंग

रिमोट जवळून चालतो, पण सोफ्यावरून चालत नाही, हे उतरत्या सेलचं ठळक लक्षण आहे. साध्या अल्कलाइन सेलचा व्होल्टेज नवा असताना दीड व्होल्टच्या आसपास असतो. मल्टिमीटरवर तो १.२ च्या खाली दिसू लागला, की सेल बदलावा.

रिमोटमधून काढलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात घालायची पद्धत अनेक घरांत आहे आणि ते घड्याळ पुढे कित्येक महिने चालतंही. कारण घड्याळाला अगदी थोडा करंट लागतो. रिमोटच्या एलईडीला मात्र प्रत्येक वेळी एकदम मोठा झटका लागतो. त्यामुळे ‘सेल घड्याळात चालला, म्हणजे चांगला आहे’ हा हिशेब रिमोटला लागू होत नाही.

सेल बदलताना दोन्ही एकदम बदला. एक जुना आणि एक नवा असं केलं, तर जुना सेल पार निचरून जातो आणि गळण्याची शक्यता वाढते.

सेल फिरवल्यावर किंवा रिमोट आपटल्यावर तो थोडा वेळ का चालतो, याचं उत्तरही इथेच आहे. स्प्रिंग आणि सेलच्या टोकांवर गंजाचा पातळ थर बसतो. सेल फिरवला, की तो थर खरवडला जातो आणि वीज पुन्हा वाहू लागते. म्हणजे आपटण्यानं रिमोट दुरुस्त होत नाही, फक्त संपर्क क्षणभर जुळतो. कोकणातल्या दमट हवेत किंवा पावसाळ्यात हा त्रास जास्त होतो.

स्प्रिंगवर पांढरी पूड किंवा खार दिसत असेल तर सेल गळलेला आहे. अल्कलाइन सेलमधून बाहेर येणारं रसायन त्वचेला आणि डोळ्यांना त्रासदायक असतं. हातमोजे घाला किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा. इअरबडला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून खार पुसा, मग कोरड्या कापडानं टिपून पूर्ण वाळू द्या. त्यानंतरच नवे सेल घाला. स्प्रिंग तुटली असेल किंवा खार आतल्या सर्किटपर्यंत पोहोचला असेल, तर मात्र रिमोट बदलणं सोयीचं.

काहीच बटणं चालत नसतील तर

आवाज आणि चॅनेलची बटणं आधी जातात, कारण ती सर्वात जास्त दाबली जातात. रबरी बटणाच्या खालच्या बाजूला कार्बनचा काळा ठिपका असतो. बटण दाबलं, की तो सर्किटला टेकतो आणि आदेश सुटतो. हाताचा घाम, तेल आणि धूळ मधे साचली, की हा संपर्क तुटतो.

रिमोट स्क्रू काढून आणि कडेनं हलक्या हातानं उघडता येत असेल, तर रबराचा पत्रा बाहेर काढा. सर्किट आणि कार्बनचे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडनं हलकेच पुसा. घासू नका, कार्बनचा थर निघून जातो. सगळं वाळल्यावरच पुन्हा जोडा. कार्बन पूर्ण उडाला असेल तर शिसपेन्सिल घासण्याचा उपाय बरेच जण सांगतात. त्यानं काम होतं, पण ते तात्पुरतं.

रिमोटवर चहा किंवा सरबत सांडलं असेल तर आधी सेल काढा. साखर सुकली, की बटण आतल्या आत चिकटतं.

प्रकाश दिसतो, पण टीव्ही ऐकत नाही

अशा वेळी नवीन रिमोट घेऊन काही साधत नाही. पुढच्या गोष्टी क्रमानं तपासा.

रिसीव्हरसमोर काय आहे? टीव्हीसमोर नवा साऊंडबार ठेवला आणि रिमोट बंद पडला, हे हमखास घडतं. टीव्हीचा रिसीव्हर खालच्या कडेला असतो आणि साऊंडबार नेमका त्याच्यासमोर येतो. सणासुदीला टीव्ही युनिटवर ठेवलेली सजावट, फोटोफ्रेम, फुलदाणी यांचंही तसंच. साऊंडबार थोडा खाली किंवा पुढे सरकवून बघा. नव्या टीव्हीवर चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म रिसीव्हरवर तशीच राहिली असेल, तर तीही काढा.

रिमोटचं कव्हर. रिमोट खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा कव्हरमध्ये ठेवला जातो. वर्षभरात ते कव्हर टोकाशी धुरकट होतं आणि प्रकाश अडतो. एकदा कव्हर काढून बघा.

उजेड. रिसीव्हरवर थेट ऊन पडत असेल किंवा जवळच सीएफएल, एलईडी पट्ट्या असतील, तर रिमोटचा सिग्नल त्या उजेडात हरवू शकतो. काही सीएफएल आणि एलईडी दिव्यांचं सर्किट स्वतःच वेगानं चालू-बंद होत असतं आणि रिसीव्हरची फसगत होते. पडदा ओढा, दिवे बंद करा आणि पुन्हा बटण दाबा. चाललं, तर कारण सापडलं. ‘संध्याकाळी चालतो, सकाळी नाही’ अशी तक्रार असेल, तर ही शक्यता सर्वात आधी तपासा.

दुसराच एखादा रिमोट. सोफ्याच्या फटीत पडलेल्या किंवा उशीखाली दबलेल्या रिमोटचं बटण अडकलं असेल, तर तो सतत सिग्नल सोडत राहतो. त्या गोंगाटात बाकीच्या रिमोटचं टीव्हीला ऐकूच येत नाही. घरातले सगळे रिमोट गोळा करून त्यांचे सेल काढा आणि मग एकेक तपासा. एखाद्या रिमोटचे सेल फार लवकर संपत असतील, तर त्यात अडकलेलं बटण असण्याची दाट शक्यता आहे.

उपकरण हँग आहे का? टीव्ही आणि बॉक्स रिमोटनं बंद केले तरी आत जागेच असतात. भिंतीवरचा स्विच बंद करा, एक-दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

कुलूप. काही टीव्हींमध्ये बटणं किंवा रिमोट लॉक करण्याची सोय असते. हॉटेलसाठी दिलेला ‘हॉटेल मोड’ चुकून सुरू झाला, तर आवाज किंवा चॅनेलवर बंधनं येतात. सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.

शेवटची खात्री: दुसरा रिमोट. शाओमी, रेडमी आणि पोकोच्या अनेक फोनमध्ये इन्फ्रारेड सिग्नल सोडण्याची सोय असते. असा फोन घरात किंवा शेजारी असेल, तर त्यातल्या रिमोट ॲपमध्ये टीव्हीची कंपनी निवडा आणि चालू-बंद करून बघा. आयफोनमध्ये ही सोय नाही. फोननं टीव्ही चालला, तर रिसीव्हर ठीक आहे आणि तुमचा रिमोट चुकीचा आदेश पाठवत असावा. फोननंही चालला नाही, तर टीव्हीच्या रिसीव्हरवर संशय घ्यायला जागा आहे.

रिसीव्हर हा तीन पायांचा छोटासा सुटा भाग असतो आणि तो बदलता येतो. पण त्यासाठी टीव्ही उघडावा लागतो. टीव्हीच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते. हे काम घरी करू नये, मेकॅनिककडेच सोपवावं. त्याला ‘रिमोट चालत नाही’ असं मोघम न सांगता ‘रिमोटचा प्रकाश कॅमेऱ्यात दिसतो, फोननंही टीव्ही चालत नाही’ असं सांगितलं, की तपासणीचा वेळ वाचतो आणि ग्राहकाला नको त्या दुरुस्तीचं बिल भरावं लागत नाही.

एका बटणाला दोघे हलतात, तेव्हा

घरात एकाच कंपनीचे दोन टीव्ही किंवा दोन सेट-टॉप बॉक्स असतील, तर एका रिमोटला दोन्ही प्रतिसाद देतात. यात बिघाड काहीच नाही. एका कंपनीच्या अनेक मॉडेलना आदेशांचे कोड सारखेच असतात. उपाय एवढाच, की एका उपकरणाचा रिसीव्हर दुसऱ्याच्या रेषेत येणार नाही अशी मांडणी करावी.

टीव्ही बंद केला, की साऊंडबारही बंद होतो किंवा स्टिक सुरू केली, की टीव्ही आपोआप सुरू होतो, याचं कारण वेगळं आहे. एचडीएमआय केबलमधून उपकरणं एकमेकांना आदेश देतात. या सोयीला ‘सीईसी’ म्हणतात. सॅमसंग तिला ‘ॲनीनेट प्लस’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’ आणि एलजी ‘सिंपलिंक’ म्हणते. नको असेल तर ती सेटिंगमधून बंद करता येते. साऊंडबारचा रिमोट हरवला असेल, तर हीच सोय सुरू करून टीव्हीच्या रिमोटवरून आवाज कमी-जास्त करता येतो.

ब्लूटूथ रिमोट: फक्त पॉवर बटण चालतं, बाकी नाही?

स्मार्ट टीव्ही आणि स्टिकच्या अनेक रिमोटमध्ये दोन्ही पद्धती एकत्र असतात. टीव्ही चालू-बंद करणं इन्फ्रारेडवर, बाकीचं बरंचसं ब्लूटूथवर. त्यामुळे पॉवरचं बटण चालतंय आणि बाकी काहीच नाही, असं झालं तर रिमोट आणि टीव्हीची जोडणी, म्हणजे पेअरिंग, तुटलेली असते. नवीन सेल घाला, उपकरण स्विचवरून बंद करून सुरू करा आणि पुन्हा पेअर करा. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकसाठी होमचं बटण साधारण १० सेकंद दाबून धरावं लागतं. इतर कंपन्यांची बटणं वेगळी असतात, ती टीव्हीच्या पुस्तिकेत दिलेली असतात.

तोवर काम अडत असेल, तर अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही फोनमधल्या गूगल टीव्ही ॲपवरून चालवता येतो. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. बहुतेक अँड्रॉइड टीव्हींना यूएसबी माउस लावला, तरी तो चालतो.

बॉक्स कपाटात ठेवायचा असेल तर

इन्फ्रारेड प्रकाश लाकडातून किंवा भिंतीतून जात नाही. काचेतून मात्र तो जातो आणि पांढऱ्या भिंतीवरून परावर्तितही होतो. म्हणूनच कधीकधी रिमोट छताकडे धरला तरी चॅनेल बदलतं.

नव्या फर्निचरमध्ये सेट-टॉप बॉक्स बंद दारामागे ठेवायचा असेल, तर इन्फ्रारेड रिपीटर नावाचं साधन मिळतं. त्याचा छोटा ‘डोळा’ बाहेर दिसेल असा लावायचा आणि वायरच्या दुसऱ्या टोकाचा एलईडी बॉक्सच्या रिसीव्हरवर चिकटवायचा. सुताराला वायरसाठी भोक आधीच सांगून ठेवलेलं बरं. कपाटात हवा खेळती राहील, हेही बघायला हवं. बॉक्स तापतो.

नवीन रिमोट घ्यायचाच असेल तर

टीव्हीच्या मॉडेलचा नंबर मागच्या स्टिकरवर आणि जुन्या रिमोटचा नंबर बहुधा सेलच्या खणात किंवा मागे असतो. दोन्हींचे फोटो काढून दुकानात न्या, शक्य असेल तर जुना रिमोटही न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीसारख्या ठिकाणी पर्यायी रिमोट मिळतात. दिसायला सारखा म्हणजे कोड सारखा, असं नसतं. विकत घेताना ‘चालला नाही तर बदलून मिळेल का’ हे विचारून घ्या. इन्फ्रारेडवर चालणारा पर्यायी रिमोट बोलून आदेश देण्याची सोय देत नाही, हेही लक्षात असू द्या.

बटण सेलबाबत हयगय नको

साऊंडबार आणि पंख्यांच्या छोट्या रिमोटमध्ये नाण्यासारखा चपटा सेल असतो, बहुधा सीआर२०२५ किंवा सीआर२०३२. लहान मुलानं तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सुरुवातीला मूल अगदी ठीक दिसू शकतं. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता मुलाला थेट रुग्णालयात न्या आणि सेल गिळल्याची शंका आहे, हे स्पष्ट सांगा.

अशा रिमोटचं झाकण सैल झालं असेल, तर बाकी रिमोट कितीही चांगला चालत असला तरी तो मुलांच्या हाती देऊ नये. वापरलेले सेल टेबलावर किंवा खणात पडू देऊ नयेत. त्यांना चिकटपट्टी गुंडाळून वेगळे ठेवा आणि घरगुती घातक कचऱ्यात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

थोडक्यात

• कॅमेऱ्यात प्रकाश नाही: सेल, स्प्रिंग, मग बटणं.
• काहीच बटणांना प्रकाश आहे: रबर आणि कार्बन साफ करा.
• प्रकाश आहे, टीव्ही ढिम्म: अडथळा, उजेड, अडकलेला दुसरा रिमोट, स्विच बंद-चालू.
• फक्त पॉवर चालतं: ब्लूटूथ पेअरिंग पुन्हा करा.
• दुसऱ्या रिमोटनं किंवा फोननंही चालत नाही: टीव्हीचा रिसीव्हर, म्हणजे मेकॅनिकचं काम.